धनुर्मासातला आरसा

परवा पहाटे देवळाचा भोंगा नेहमीपेक्षा लवकर वाजला आणि मी यांना हलवून सांगितलं, "उठा, धनुर्मास लागला." हे कूस बदलून म्हणाले, "लागू दे. मला नऊला बेळगोळला पोचायचंय." यांना सगळे ऋतू कारखान्याच्या शिफ्टवरून कळतात, त्याला काय करणार! मी शाल गुंडाळली, मोजे चढवले आणि निघाले. म्हैसूरच्या कुवेंपुनगरातल्या आमच्या गल्लीत धुकं इतकं दाट होतं की रांगोळी घालणाऱ्या समोरच्या बाईंची वाकलेली पाठ तेवढी दिसली. देवळात पुजाऱ्यांनी द्रोणात गरम हुग्गी घातली. मुगाची डाळ, तांदूळ, मिरी आणि वरून तूप. बोटं भाजतात, पण द्रोण खाली ठेववत नाही.

साताऱ्याला माझी आई याच दिवसांत धुंधुरमास करायची. सूर्य उगवायच्या आत बाजरीची भाकरी, लोणी, वांग्याचं भरीत आणि तिळाची चटणी. लग्नानंतर यांच्या नोकरीमुळे म्हैसूरला आले तेव्हा पहिल्या धनुर्मासात शेजारणीनं गोड हुग्गी आणून दिली. एक घास खाल्ला आणि मी यांना म्हणाले, "अहो, खिचडीत गूळ? या लोकांचं सगळं उलटंच असतं." पुढची कित्येक वर्षं हे वाक्य माझ्या तोंडी होतं. सांबार गोड म्हणून उलटं, रिक्षावाला 'नको' म्हणायला जीभ टाळ्याला लावून नुसतं 'च्च' करतो म्हणून उलटं. उलटं दिसलं की सरळ करायची मला भारी हौस. दुसऱ्यांच्या घरी गेले तरी भिंतीवरच्या तिरक्या तसबिरी मी सरळ करून येते. हे म्हणतात, "तुला पाहुणी म्हणून बोलावतात की सुतार म्हणून?"

द्रोण घेऊन परतत होते तेवढ्यात मोबाईल वाजला. भव्या. कृष्णराजनगरच्या बाजूच्या एका खेड्यातली मुलगी, माझी वर्गमैत्रीण. आता बेंगळुरूला नोकरी करते. "आंटी, गावातल्या घराचं काम झालं. नवा हॉल आहे. संक्रांतीला पूजा. ताता म्हणतात, तो फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा." ताता म्हणजे तिचे आजोबा. कुठला फोटो, हे मला विचारावं लागलं नाही. हातातल्या द्रोणाची वाफ चष्म्यावर आली आणि मी तशीच रस्त्यात उभी राहिले.

वर्गमैत्रीण म्हटलं की लोक माझ्याकडे बघतात. भव्या तेव्हा विशीची आणि मी पन्नाशीच्या उंबरठ्यावर. मुलगा पुण्याला नोकरीला गेला, जाताना त्याचा जुना कॅमेरा कपाटात टाकून गेला. घर एकदम मोठं झालं. दुपारी फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला, तेव्हा मी ठरवलं की काहीतरी शिकायचं. सरस्वतीपुरमच्या एका बोळात, झेरॉक्सच्या दुकानावर, फोटोग्राफी आणि एडिटिंगचे वर्ग चालतात असं कळलं. चौकशीला गेले. माझी कन्नड भाषा तेव्हा भाजीबाजारापुरती. मी धडपडत "सार, क्लासु... नानु..." असं काहीतरी सुरू केलं. टेबलामागचा तिशीतला माणूस हसला आणि म्हणाला, "मराठीत बोला की आंटी. आमच्या घरी मराठीच हाय."

ते राव सर. त्यांचे कोणी खापरपणजोबा म्हैसूरच्या फौजेत होते, तेव्हापासून घराणं इथलंच. त्यांची मराठी ऐकताना मला आधी हसू यायचं. "स्वल्प थांबा आंटी. आधी बघा, मत्ते क्लिक." 'स्वल्प' म्हणजे जरासं, 'मत्ते' म्हणजे मग, हे मला हळूहळू कळलं. मनात म्हटलं, ही कसली मराठी! पण त्या दिवशी परक्या गावात, अनोळखी जिन्यावर, "आमच्या घरी मराठीच हाय" हे ऐकून माझे डोळे भरून आले होते, हेही खरंच.

वर्ग धनुर्मासातच का, तर या महिन्यात लग्नं नसतात. राव सर एरवी लग्नाचे फोटोग्राफर. वर्षभर मांडवात उभे, कपाळावर घाम, कानात नादस्वरम. धनुर्मासात मुहूर्त नाहीत, म्हणून मग ते शिकवायचे. सगळे फोटोग्राफर या महिन्यात रिकामे असतात आणि हवेतला उजेड मात्र वर्षातला सगळ्यात चांगला असतो. सर म्हणायचे, "देव म्हणतो, वर्षभर दुसऱ्यांचे काढले, आता तुझ्यासाठी काढ."

आमची वरात पहाटे कुक्करहळ्ळीच्या तळ्यावर जायची. पाच-सात पोरं-पोरी आणि मागून धापा टाकत मी. पाण्यावर धुकं, धुक्यात पाणकावळे पंख पसरून बसलेले. मी पहिल्या आठवड्यात जे काढलं त्यात पक्षी कुठेच नव्हते, नुसती शेपटं होती. मी बटण दाबेपर्यंत ते उडून गेलेले असायचे. एकदा तर अर्धा तास काढलेले सगळे फोटो काळे आले, कारण लेन्सचं झाकण काढलं नव्हतं. पोरं हसून लोळली. भव्या तेवढी हसली नाही. तिनं गुपचूप झाकण काढलं आणि दोऱ्यानं कॅमेऱ्याच्या पट्ट्याला बांधून दिलं. तो दोरा अजून आहे.

पण खरी गंमत एडिटिंगची. माउस हातात आला आणि माझ्यातली जुनी हौस उफाळून आली. आता जगात जे जे वाकडं ते सरळ करता येणार होतं! मी देवराज मार्केटातली शेवंती इतकी पिवळी केली की सर डोळे मिटून म्हणाले, "आंटी, चष्मा लागेल." यांचे पांढरे केस काळे केले, पोट आत घेतलं. हे तो फोटो बघून म्हणाले, "हा कोण? तुझ्या माहेरचा का?" श्रीरंगपट्टणला कावेरीचा फोटो काढला, तर पाणी मातकट. मी ते झकास निळं करून टाकलं. सरांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आंटी, कावेरी निळी कधी बघितली?"

"नाही, पण बरी दिसते ना."

"बरी दिसते. पण ही आमची कावेरी नाही अल्वा?"

'अल्वा' म्हणजे 'हो की नाही'. मी फणकारले. तेवढ्यापुरती. घरी येऊन मात्र पुन्हा ते पाणी मातकट केलं, आणि त्यात झाडाची एक सावली पडलेली होती ती दिसली. निळ्या रंगाखाली ती मी पुसून टाकली होती. त्या दिवसानंतर मी हात जरा आखडता घेतला. लेअर कसा वेगळा ठेवायचा, हवा तेवढाच भाग मास्क लावून कसा झाकायचा, चेहऱ्यावरची सुरकुती न पुसता तिच्यावरचा नुसता डाग कसा काढायचा, हे सगळं शिकत गेले. सर चुका दाखवायचे, पण माझ्या हातातून माउस कधी काढून घेतला नाही. ते माझ्या मुलापेक्षा वयानं थोडे मोठे, इतकंच. मुलगा फोनवर मोबाईलचं काही समजावताना दोन मिनिटांत वैतागतो. सर वैतागले नाहीत. याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय. ते लाजून म्हणाले, "कॉफी घ्या आंटी."

एक दिवस भव्यानं पिशवीतून कागदाचं जुनं पाकीट काढलं. आत एकच निगेटिव्ह. तिच्या अज्जीचं, म्हणजे आजीचं. पुट्टम्मा तिचं नाव. भव्या जन्मायच्या आधीच वारलेली. जत्रेत एका स्टुडिओवाल्यानं तंबू ठोकला होता, तिथं तातांनी हट्टानं तिला बसवून काढलेला हा आयुष्यातला एकुलता एक फोटो. भिंतीवर होता. एका पावसाळ्यात छप्पर गळलं आणि फोटोचा लगदा झाला. निगेटिव्ह पत्र्याच्या ट्रंकेत होतं म्हणून वाचलं. ते कोणी छापून देईना. फिल्म आता कोण धुतंय?

"ताता हल्ली एकच बोलतात," भव्या म्हणाली. "डोळे मिटले की तिची साडी दिसते, हात दिसतात, चालणं दिसतं. पण चेहरा पुसट होत चाललाय. म्हणतात, पूर्ण जायच्या आत एकदा बघायचाय."

सरांनी ते निगेटिव्ह उजेडाकडे धरलं आणि माझ्याकडे दिलं. "हे आंटी करतील. त्यांना डाग काढायला आवडते."

मला! भव्याचा चेहरा उजळला.

निगेटिव्ह कसं धरायचं ते सरांनी आधी शिकवलं होतं. एक बाजू चकचकीत, एक मंद. उलटं ठेवलं तर माणूस आरशात दिसतो तसा उलटा येतो. "खात्री करायची असेल तर खुणा बघा," ते म्हणायचे. "पाटीवरचं अक्षर. शर्टाची बटणं. पदर कुठल्या खांद्यावर." मी खालून पांढरा उजेड देऊन कॅमेऱ्यानं त्याचा फोटो घेतला, काळ्याचं पांढरं केलं आणि पडद्यावर एक बाई उमटली. गोल चेहरा, मधोमध भांग, डोक्यावरून पदर घेऊन दोन्ही खांद्यांवर ओढलेला. ना पाटी, ना बटणं. आणि उजव्या नाकपुडीत एक जाडसर चमकी.

उजव्या! माझ्या आईची चमकी डावीकडे, माझी डावीकडे, आजीची नथ डावीकडे, साताऱ्यात मी जन्मात कुणाच्या उजव्या नाकात काही पाहिलं नव्हतं. मी मनात म्हटलं, बघा, सापडलं की नाही! निगेटिव्ह उलटं ठेवलं गेलंय. एक कळ दाबली आणि पुट्टम्माची चमकी डावीकडे आली. आता कशी बरी दिसते, असं मी तिला मोठ्यानं म्हणालेसुद्धा. इतकी वर्षं म्हैसुरात भाजी घेतली, रांगेत उभी राहिले, बायकांशी गप्पा मारल्या, आणि त्यांच्या नाकाकडे एकदाही नीट बघितलं नव्हतं.

मग सुरू झालं डाग काढणं. बुरशीनं सगळ्या चेहऱ्यावर नक्षी केलेली. तांदळातले खडे वेचावेत तसा मी एकेक ठिपका वेचला. सकाळी हे कारखान्यात गेले की मी कॉम्प्युटरसमोर बसायची. खिडकीतून उन्हाची तिरीप यायची, शेजारच्या गच्चीवर सांडगे वाळत घातलेले असायचे, त्यांचा हिंगाचा वास यायचा. आणि समोर ती. तिच्या भुवईत एक लहानसा खंड होता, तो मी डाग समजून पुसला आणि मग जवळून बघून परत आणला. ओठाची एक कड जराशी वर होती. हसू दाबल्यासारखी. जत्रेत, अनोळखी माणसासमोर, नवऱ्याच्या हट्टापायी बसलेली बाई. मला ती इतकी ओळखीची वाटायला लागली की मी तिच्याशी मराठीत बोलायची. "काय गं, ताता तिकडं उभे होते का? त्यांच्याकडे बघून हसू येत होतं का?"

फोटो झाला. सरांनी बघितला, मोठा करून गाल, डोळे, केस तपासले. "सूपर, आंटी!" तो छापून, सागवानी चौकटीत घालून आम्ही तिघं संक्रांतीच्या आदल्या दिवशी भव्याच्या गावी निघालो.

येलवाल मागे पडलं आणि उजेड बदलला. दोन्ही बाजूंना कापलेली भातखाचरं, मध्येच शेवटच्या कापणीत वाकलेल्या बायका, पेंढ्यांच्या गंजी. लोकांनी सरळ रस्त्यावरच कणसं पसरलेली, त्यावरून गाड्या गेल्या की आपोआप मळणी होते. आमची गाडीही त्यावरून गेली. तो चुरचुर आवाज आणि आत आलेला कोरड्या भाताचा वास माझ्या नाकात अजून आहे. भव्या मांडीवर चौकट घेऊन बसली होती. "बॉस, हळू," असं दर खड्ड्याला सरांना सांगत होती.

ताता ओसरीवरून आत येऊन खाटेवर बसले होते. काटक, पांढरं धोतर, अंगात स्वेटर. आम्हाला बघून "बन्नि, बन्नि," म्हणजे या या. दाढी नुकतीच केलेली होती, हनुवटीला कापलं होतं तिथं कापूस लावलेला. स्वच्छ अंघोळ करून माणूस बसला होता. बायको येणार म्हणून.

भव्यानं कागद सोडला आणि चौकट त्यांच्यासमोर धरली.

ते बघत राहिले. मान पुढे घेतली. मग जरा मागे. हसू हळूहळू उतरलं. बाहेर कोंबडी पेंढ्यात खरडत होती. मग ते हलकेच म्हणाले, "इवळु अवळल्ल." ही ती नाही.

"ताता, अज्जीच आहे. त्याच पाकिटातली," भव्या म्हणाली.

"नाक तिचं आहे," ते कन्नडमध्ये म्हणाले, भव्या मला सांगत गेली. "डोळे तिचे आहेत. सगळं तिचं आहे. पण ती नाही." मग त्यांनी मान खाली घातली आणि आपल्याच गुडघ्यावर हात फिरवत म्हणाले, "फोटो कसा खोटं बोलेल? मीच विसरलो. गेली ती माझ्यातून."

काय सांगू त्या वेळी काय झालं मला. फोटो चांगला आला नाही म्हणून ते रागावले असते तर बरं झालं असतं. हा म्हातारा माणूस स्वतःलाच दोष देत होता. उरलीसुरली ती त्यांच्याजवळ होती आणि आमच्या चौकटीनं तीसुद्धा काढून घेतली होती. भव्या रडायला लागली. सर खिशातला रुमाल काढून लेन्स पुसायला लागले, लेन्सला काही झालं नव्हतं तरी.

"असू दे," ताता म्हणाले. "आत ठेव. त्यांना कॉफी दे."

भव्या चौकट उराशी धरून उठली. खाटेसमोरच्या भिंतीला आरशाचं लोखंडी कपाट होतं. चौकट वर ठेवावी म्हणून ती कपाटाकडे वळली, चौकटीचं तोंड आरशाकडे. आणि मागून ताता ओरडले.

"निल्लु! निल्लु!" थांब, थांब.

आम्ही दचकलो. ते उठून उभे राहिले होते. बोट आरशाकडे. "इल्लिद्दाळे," ते म्हणाले. "नोडु, इल्लिद्दाळे." ही बघ, इथं आहे ती.

आरशात पुट्टम्मा होती. उजव्या नाकात चमकी. ओठाची कड वर गेलेली, पण दुसऱ्या बाजूनं. भुवईतला खंड दुसऱ्या बाजूला. ताता दोन पावलं पुढे आले आणि तिला बघून रडत रडत हसायला लागले. "विसरलो नव्हतो मी," ते भव्याला म्हणाले. "बघ, विसरलो नव्हतो."

मला तेव्हा कळलं. मी नकळत स्वतःच्या नाकाला हात लावला. मग सरांकडे वळून म्हणाले, "सर, चमकी..."

सरांनी कपाळावर हात मारला. "मूगुती! अय्यो! इथं जुन्या बायका उजवीकडेच घालतात की आंटी! तुम्ही पलटवला होय?"

"तुम्ही तपासला ना! तुम्हाला कसं दिसलं नाही?"

"माझ्या अम्माला दोन्हीकडे हाय," ते बिचारे म्हणाले. "डावी मराठी, उजवी कन्नड. मला कुठलीही बरोबरच वाटते."

एवढ्या रडारडीत आम्ही हसलो. भव्यानं तातांना सगळं समजावलं. ही बाई मराठी, यांच्याकडे डावीकडे घालतात, म्हणून यांनी अज्जीला पलटवलं. मला वाटलं, आता तरी काही बोलतील. ताता माझ्याकडे वळले, माझं नाक नीट बघितलं, अगदी वाकून बघितलं आणि खदखदून हसले. काय म्हणाले ते भव्यानं सांगितलं: "पुट्टम्माला मराठी केलीत होय! तिला एका दिवसात तुमच्या भाषेत भांडता आलं असतं."

दुसऱ्या दिवशी संक्रांतीला नवीन प्रत आणून देतो, असं सर म्हणाले. एक कळ दाबायची, पुन्हा छापायचं, एवढंच तर काम. पण तातांना उद्यापर्यंत थांबायचं नव्हतं. त्यांनी आरशासमोर खुर्ची मागितली. स्वतः बसले. भव्याला म्हणाले, तू शेजारी उभी राहून धर, आरशाकडे तोंड करून. आणि मग ते आरशातल्या तिच्याकडे बघत बसले. दारातून संध्याकाळचं पिवळं ऊन आत आलं होतं, त्यात भाताची धूळ तरंगत होती. मी हळूच कॅमेरा वर केला. दोऱ्याला बांधलेलं झाकण हातावर आपटत होतं. सर माझ्या कानाशी कुजबुजले, "स्वल्प थांबा आंटी." मी थांबले. तातांचे डोळे कडेला वळले, तिच्याकडे, आणि त्यांच्याही ओठाची एक कड वर गेली. तेव्हा मी बटण दाबलं.

भव्याचे हात फोटोत आले नाहीत, मी आरशातला नेमका तेवढाच भाग घेतला होता. त्यात शेजारी शेजारी ती दोघं होती. माझ्या आयुष्यातला तो पहिला फोटो, ज्याला मी घरी जाऊन काही केलं नाही. कॉन्ट्रास्टसुद्धा वाढवला नाही.

संक्रांतीला नवीन चौकट पोचली. ताता एळ्ळू-बेल्ल घेऊन दारात उभे होते. तीळ, गूळ, शेंगदाणे आणि खोबऱ्याचे तुकडे. आमच्याकडे म्हणतात तिळगूळ घ्या, गोड बोला, इकडेही तेच म्हणतात. मी म्हटलं, हे मात्र उलटं नाही हं. आणि गावातल्या बायका मला बघायला आल्या तेव्हा मी आधी त्यांची नाकं बघितली. उजवीकडे, उजवीकडे, दोन्हीकडे, एकीची रिकामी. त्या माझ्याकडे बघून आपसात कुजबुजत होत्या. बहुतेक त्याही तेच बघत असाव्यात.

त्यानंतर मी पुष्कळ शिकले. आता राव सरांच्या लग्नाच्या अल्बमांचं काम मीच करते. मुलगा पुण्याहून फोन करून मला विचारतो, आई, हे बॅकग्राउंड कसं काढायचं गं? मी त्याला समजावते आणि दोन मिनिटांत वैतागत नाही.

तर आता हा मोठा फोटो. भव्याचा फोन आल्यापासून मी तोच घेऊन बसले आहे. बसल्या बसल्या एक अडचण लक्षात आली. आरशातला फोटो तो. चौकटीतली पुट्टम्मा दोनदा पलटून सरळ झालेली, पण ताता मात्र उलटे. त्यांचं घड्याळ उजव्या मनगटात, भांग चुकीच्या बाजूला, हनुवटीचा कापूस दुसरीकडे. नव्या हॉलमध्ये सगळा गाव येणार, आणि ताता उलटे? सगळं पलटवावं तर ताता सरळ होतात आणि पुट्टम्माची मूगुती पुन्हा साताऱ्याला जाते.

पण आता मला येत होतं. मी तातांच्या कडेनं बारीक मास्क केला, स्वेटरच्या लोकरीचा एकेक धागा राखला. त्यांना वेगळ्या लेअरवर घेतलं, एकट्यांना पलटवलं, पुन्हा जागेवर बसवलं, सावली जुळवली. दोघंही सरळ. सरांना दाखवलं. ते पडद्याला नाक लावून जोड शोधत होते आणि त्यांना सापडला नाही. "आंटी," ते म्हणाले, "आता मी तुमच्याकडे क्लास लावतो." मला केवढा आनंद झाला! मी फोटो भव्याला पाठवला, आणि शेजारी मूळचाही, फरक कळावा म्हणून.

काल दुपारी तिनं व्हिडिओ कॉल केला. ती सुट्टीवर गावी आलेली. पडद्यावर ताता. खूप थकलेत, दात राहिले नाहीत, पण दाढी केलेली. मला बघितल्यावर आधी स्वतःच्या नाकाला बोट लावून हसले. मग भव्यानं दोन्ही फोटो त्यांच्यासमोर धरले. मी वाट बघत होते. नवीन फोटोवर त्यांनी बोट ठेवलं आणि मान हलवली. बोलले ते मला आता भव्याशिवाय कळलं.

"यात मी दुसरीकडे बघतोय."

मी बघितलं. खरंच की. त्यांना पलटवलं तसे त्यांचे डोळेही पलटले होते. ते आता तिच्याकडे बघत नव्हते, दाराकडे बघत होते. इतका बारीक मास्क केला, धागा न् धागा राखला, आणि हे मला दिसलं नव्हतं.

"पण ताता, त्या जुन्यात तुम्ही उलटे आहात," मी माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये म्हटलं. "घड्याळ बघा. भांग बघा. लोक हसतील."

त्यांनी हात झटकला. "नानु उल्टा इद्रे परवागिल्ल, अम्मा," ते म्हणाले. "अवळु सरियागिर्लि."

मी उलटा असलो तर चालेल. ती नीट असू दे.

मी फोन ठेवला. पहाटेची हुग्गी झाकून ठेवलेली होती, गार झालेली, ती तशीच खाल्ली. या वेळची गुळाची होती, गोड. मग कॉम्प्युटरसमोर बसले आणि केलेला लेअर काढून टाकला. ताता आपल्या उलट्या जागी परत आले, डोळे तिच्याकडे. फोटो तसाच छापायला पाठवला.